उस्ता एशबुरीची पडलेली भिंत

उस्ता एशबुरीशी भांडला नाही असा माणूस आमच्या गावात शोधून सापडणार नाही. मशिदीच्या मुल्लाशी तो ओट्याच्या उतारावरून भांडला, हेडमास्तरांशी शाळेच्या कुंपणावरून भांडला, आणि सख्ख्या थोरल्या भावाशी तर एका खिडकीच्या जागेवरून त्यानं अकरा वर्षं अबोला धरला. भाऊ गेला तेव्हा मयतीला आला, आणि परत जाताना ती खिडकी एकदा बघून गेला. चुकीच्याच जागी आहे म्हणाला.

मातीच्या भिंती घालणं हा त्याचा धंदा, आणि अशा कसबी कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात. भिंतीबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की हा डोक्यात राख घालून घेणार हे ठरलेलं. तरी घर बांधायची वेळ आली की लोक मुकाट्यानं त्याच्याच दारात जायचे, कारण चाळीस वर्षांत त्याची एकही भिंत पडली नव्हती. शेराबादच्या आमच्या भागात जमीन अधूनमधून हलते. ती हलली की गावात कुणाचा गोठा बसायचा, कुणाचं कुंपण आडवं व्हायचं, एशबुरीचं काम मात्र होतं तिथंच असायचं. हे तो दर दोन दिवसांनी कुणाला तरी ऐकवायचा. ऐकणाऱ्याला वैताग यायचा, पण खोटं आहे असं कुणाला म्हणता येत नव्हतं.

बायको लवकर गेलेली. मुलगे दूर कामाला. शेवटची मुलगी नोरखोल, ती त्यानं गावातच तोश्तेमिरच्या थोरल्या मुलाला दिली. तोश्तेमिर मेंढ्यांचा व्यापारी. माणूस गोड बोलणारा, छातीवर हात ठेवून मान तुकवणारा, आणि पाठ वळली की त्याच तोंडानं चिरफाड करणारा. त्याची बायको बिबीसोरा त्याच्याहून बरी, कारण ती तोंडावरच बोलायची.

आमच्याकडे आईबापाचं घर धाकट्या मुलाचं. त्याचं लग्न ठरलं की थोरल्यानं बायकापोरांसह बाहेर पडून वेगळं घर करायचं. तोश्तेमिरच्या धाकट्याचं लग्न ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ठरलं. नव्या सुनेला खोली हवी, आणि ती खोली नोरखोलची. हे ठरलं वसंतातच, पण थोरल्याला घर बांधून द्यायचं तोश्तेमिरला सुचलं जूनच्या शेवटी, म्हणजे चिल्ला लागल्यावर. उन्हाळ्याचे भाजून काढणारे चाळीस दिवस म्हणजे चिल्ला. त्यात आमच्याकडे कुणी लग्न करत नाही, घर बांधत नाही, कुत्रंसुद्धा सावली सोडून भुंकत नाही.

तोश्तेमिरनं एशबुरीला घरी बोलावलं.

"पाटाच्या पलीकडं जागा देतो," तो म्हणाला. "हशार बोलावतो, सगळं गाव राबायला येईल, मी एक मेंढा कापीन. आणि उस्ता तर घरातलाच आहे. लेकीचं घर बापाच्या हातचं व्हावं, व्याही, यापरतं दुसरं भाग्य कुठलं?"

"भाग्य मार्चमध्ये आठवलं असतं तर बरं झालं असतं," एशबुरी म्हणाला.

बिबीसोरानं त्याच्यापुढं चहा ठेवला. प्याला काठोकाठ भरलेला. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला चहा तळाशी दोन घोट देतात, संपला की पुन्हा देतात, पुन्हा देतात, म्हणजे माणूस बसून राहतो. भरलेला प्याला म्हणजे एवढा पी आणि चालू लाग. एशबुरीनं त्या प्याल्याकडं पाहिलं. बोटं भाजत तो उचलला आणि एका दमात रिकामा केला. कोपऱ्यात नोरखोल उभी होती, मान खाली घालून. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही ही तिथली रीत, आणि पाच वर्षांत सासऱ्याच्या कानावर तिचा आवाज पडला नव्हता.

एशबुरी कदाचित नाहीच म्हणाला असता. पण त्याचा शेजारी हुर्रम, जो गावातली प्रत्येक गोष्ट आधी ऐकतो आणि मग विसरायचं विसरतो, त्यानं वाटेत गाठून सांगितलं, "बिबीसोरा काय म्हणाली माहीत आहे का? घर नाही झालं तर मेंढ्यांच्या छपरात आहे की जागा. दोन माणसं आणि दोन लेकरं, त्यांना कितीशी जागा लागते?"

एशबुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी तो दोऱ्या आणि खुंट्या घेऊन पाटापलीकडं हजर झाला. लग्नाच्या दिवसापर्यंत नोरखोलला स्वतःचं दार हवं. नाहीतर मेंढ्या आहेतच.

त्यानं अटी घातल्या. पहाटेच्या नमाजापासून नऊ वाजेपर्यंत काम. नंतर संध्याकाळी पाचपर्यंत भिंतीवर कुणी चढायचं नाही. दोन खोल्या, भिंतींचे चार थर, आणि प्रत्येक थराला पाच दिवस विसावा. त्या पाच दिवसांत थरावर ओल्या बोरूच्या चटया टाकून ठेवायच्या.

"वाळायला ठेवायची भिंत ओली कशाला करायची?" तोश्तेमिरनं विचारलं.

"कारण चिल्ल्यात भिंत वाळत नाही, करपते. समजा पटकन वाळली तर वरून वाळते. आत काय आहे ते आत असलेल्यालाच माहीत."

"तुम्ही म्हणाल तसं, उस्ता," तोश्तेमिर म्हणाला आणि छातीवर हात ठेवला.

काम सुरू झालं. आमच्याकडची भिंत म्हणजे नुसती माती आणि गव्हाचा भुसा. रात्रभर भिजवलेली माती पहाटे अनवाणी पायांनी तुडवायची, फावड्यानं गोळे कापायचे, खालच्यानं गोळा वर फेकायचा आणि वर उभ्या उस्तानं तो झेलून टाचेनं दाबून बसवायचा. मांडीएवढी उंची झाली की थर संपला. ऐकायला सोपं आहे. पण भुसा तळपायाच्या भेगांत शिरतो आणि रात्रभर ठणकतो. फावड्याचा दांडा उन्हात ठेवला तर हात लावता येत नाही, म्हणून दांडे पाटात बुडवून ठेवायचे. सदरे आठ वाजताच मिठानं पांढरे होतात आणि काखेत करवतीसारखे लागतात. ताक पितो तोवर बरं वाटतं, आणि प्याल्याबरोबर ते कपाळातून बाहेर येतं.

"टीव्हीवरची बाई म्हणाली आज चाळीस अंश," हुर्रम चिखल तुडवत म्हणायचा. "तिला आणा रे इथं. म्हणावं, बाई, ये, पाय घाल."

पहिला थर ठरल्याप्रमाणं झाला, ठरल्याप्रमाणं वाळला. दुसरा थर चढला, आणि त्याच संध्याकाळी नदीपलीकडून गरम वारा सुटला. हा वारा आमच्या ओळखीचा आहे, आणि ओळख असून त्याच्याशी कुणाचं पटत नाही. तोंड उघडलं की दातांवर वाळू, डोळे उघडले की आत वाळू, आणि झाडाची पानं हिरवीच असताना कुरकुरीत होऊन गळतात. दुसऱ्या दिवशी एशबुरी चटया भिजवायला गेला तर थरावर एकही चटई नव्हती. त्या तोश्तेमिरच्या मेंढ्यांच्या कुंपणावर होत्या, पाणी मारून, नीट बांधून. आत चार जाडजूड मेंढे सावलीत बसून रवंथ करत होते.

"हे काय आहे?" एशबुरीनं विचारलं.

"लग्नाचे मेंढे आहेत, व्याही. उन्हानं वाळले तर पाहुण्यांना काय हाडं वाढू? भिंतीला काय, ती मातीच आहे. मातीला ऊन लागत नाही."

"चटया परत टाका."

"वारा पडला की टाकतो."

"वारा पडल्यावर काय उपयोग तुझ्या बापाला?"

पाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनी हे सगळं ऐकलं. तोश्तेमिर फक्त हसला. पण त्याच्या बापाचं नाव निघालं होतं, आणि ते त्यानं गाठीला बांधून ठेवलं.

दुसरा थर घालून तीन दिवस झाले. पाचातले दोन बाकी होते. एशबुरी चौथ्या दिवशी पहाटे नुसता बघायला म्हणून गेला, आणि जागीच थांबला. पाटापलीकडं चौदा माणसं फावडी घेऊन उभी होती. माती रात्रीच भिजवून ठेवलेली. तुतीच्या झाडाखाली मोठी कढई चुलीवर चढलेली, मेंढा कापून टांगलेला. तोश्तेमिरनं कुणाला न विचारता तिसऱ्या थराचा हशार बोलावला होता.

"आज नाही," एशबुरी म्हणाला. "परवा."

"परवा माझी पाण्याची पाळी आहे, आणि माणसं हुर्रमच्या मेव्हण्याकडं जाणार आहेत," तोश्तेमिर म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आणि आलेला हशार परत पाठवायचा? उपाशी? माझ्या दारातून? असं कुणी ऐकलंय?"

ते कुणीच ऐकलं नव्हतं. आमच्याकडे माणूस कर्जात बुडेल, पण हशारला आलेल्याला परत पाठवणार नाही. तोश्तेमिरला हे माहीत होतं, म्हणून तर मेंढा आधी कापला होता.

"भिंत ओली आहे."

तोश्तेमिर भिंतीपाशी गेला. बुटाच्या टाचेनं त्यानं दुसऱ्या थरावर दोन लाथा घातल्या. ठक, ठक असा आवाज आला. भिंत पांढरी पडली होती, वरून पापुद्रे सुटत होते.

"ऐकलंत? दगड झालाय दगड. हुर्रम, सांग, ही ओली आहे?"

हुर्रमनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "दिसायला तरी कोरडी दिसते, तोश्तेमिर दादा," तो पुटपुटला.

"मग ओलं काय आहे?" तोश्तेमिर वळला. आता त्याचा आवाज मधाहून गोड झाला होता. "राग मानू नका, उस्ता. माणूस साठीला आला की त्याला सगळीकडं पाणी दिसतं. वर चढायला भीती वाटत असेल तर तसं सांगा. पाय कापत असतील, नजर गेली असेल, तर लाजायचं काय त्यात? खाली सावलीत बसा, मी शेजारच्या गावातून एखादा तरुण उस्ता आणतो. तुमच्याच लेकीचं घर आहे, कुणीही बांधलं तरी काय."

कुणीतरी हसलं. कोण ते एशबुरीला कधीच कळलं नाही, पण ते हसणं त्याच्या मानेवर चटका बसावा तसं बसलं.

एशबुरीच्या खिशात वीतभर लांब एक खिळा असायचा. थर घालण्याआधी तो खालच्या थरात तीन ठिकाणी ठोकायचा, ओढून काढायचा आणि बोटांत धरून बघायचा. खिळ्याला माती चिकटली तर थांबायचं. चाळीस वर्षांत हे त्यानं एकदाही चुकवलं नव्हतं. त्या दिवशी त्याचा हात खिशात गेला, आणि चौदा जण बघतायत हे त्याला दिसलं. आता खिळा काढणं म्हणजे भ्यालो असं म्हणणं होतं. त्यानं हात खिशातून तसाच बाहेर काढला, कमरेला बांधलेला रुमाल आवळला आणि तो भिंतीवर चढला.

"फेका," तो म्हणाला. "आणि जो दमेल त्याची आई काढीन."

मग त्यानं त्या चौदा जणांना असं राबवलं की आजही त्यातले काही जण तो दिवस आठवून शिव्या देतात. नऊ वाजले. नऊला थांबायची अट त्याचीच, पण आता खाली कसं उतरणार? तोश्तेमिर तुतीखाली गादीवर बसून टोपीनं वारा घेत होता आणि त्याच्याकडंच बघत होता. दहा वाजले. तुडवलेला चिखल ताज्या शेणासारखा गरम झाला. वरून येणारं ऊन आणि भिंतीवरून उलटं येणारं ऊन यांच्यामध्ये माणसं उभी होती. बोलणं आधी बंद झालं, मग शिव्या बंद झाल्या. एशबुरीचे ओठ फाटले, त्यातून आलेलं रक्त लगेच वाळलं. गोळा झेलताना त्याला एकाचे दोन दिसत होते, आणि तो अंदाजानं त्यातला एक धरत होता. त्याला उन्हाचा राग आला, चौदा जणांचा राग आला, ज्या पोरीसाठी हे चाललं होतं तिचाही क्षणभर राग आला. मग त्या रागाची लाज वाटली आणि तो आणखी जोरात टाच मारू लागला.

अकराच्या सुमाराला हुर्रम हातातलं फावडं धरूनच बसला आणि मग आडवा झाला. त्याचं अंग कोरडं पडलं होतं, घाम थांबला होता. चौघांनी त्याला उचलून पाटात घातलं. डोकं वर धरून ठेवलं तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "टीव्हीवरची बाई आली का?" तेव्हा कुठं लोकांच्या जिवात जीव आला.

"बाकीचे हात चालवा," वरून एशबुरी ओरडला. त्यानं खाली वळूनसुद्धा पाहिलं नाही. हे त्याचं वागणं हलकं होतं, आणि मी ते झाकणार नाही.

मध्येच नोरखोल चहा घेऊन आली होती. धाकटी दोन वर्षांची नात तिच्या मागं मागं आली आणि आतल्या बाजूला, सावलीच्या भिंतीला गाल लावून उभी राहिली. मग तशीच खाली बसली आणि भिंतीला टेकून झोपली. एशबुरीनं वरून ते पाहिलं. घर अजून उभं राहिलं नाही तोच त्यात नात झोपली, एवढंच त्याच्या मनात आलं. त्या सबंध दिवसात त्याला बरं वाटलं ते तेवढंच. नोरखोलनं मुलीला उचललं, आणि ती काही वेळ भिंतीवर तळहात ठेवून उभी राहिली. मग घाईनं पाट ओलांडून घरच्या तंदूरकडं निघून गेली.

साडेबाराला तिसरा थर संपला. माणसं तुतीखाली येऊन पडली. एशबुरी खाली उतरला आणि पटकन मांडी घालून बसला.

हशारच्या जेवणात पहिली नान उस्तानं मोडायची. नोरखोलनं कापडात गुंडाळलेल्या नान आणल्या आणि बापापुढं ठेवल्या. एरवी ती गुंडाळी सोडून जाते. आज तिनं ती तशीच ठेवली, आणि गाठ बापाच्या बाजूला केली.

एशबुरीनं गाठ सोडली. वर चार नान होत्या. त्यांच्या खाली, कापडाच्या घडीत, तंदूरमधून नान काढायची लोखंडी आकडी आडवी ठेवलेली होती. हातभर लांब, एक टोक वाकडं, दुसरं टोक टोकदार. टोकदार बाजूला वीतभर लांबीपर्यंत काळी, ओली, चकचकीत माती चिकटली होती. त्यात भुश्याची एक पिवळी काडी होती.

लेकीनं ती भिंतीत खुपसून पाहिली होती, आणि त्याला सगळं एका क्षणात समजलं. पोर भिंतीला गाल लावून का झोपली तेही समजलं. बाहेर बैलाचं शिंग वितळेल असं ऊन आणि भिंत गार. कोरडी भिंत या उन्हात पोराला भाजून काढते. ती गार होती कारण आत पाणी होतं. फार तापलेल्या तंदूरमध्ये नान वरून करपते आणि आत पीठ राहतं, हे रोज पन्नास नान भाजणाऱ्या त्याच्या लेकीला कळलं, आणि त्याला कळलं नाही. कळलं होतं, पण बघायचं नव्हतं. वर तिसऱ्या थराचं ओझं आलं होतं. चौथा येईल, वर पॉप्लरच्या तुळया येतील, मातीचं छप्पर येईल. मग एखाद्या दिवशी जमीन जरा हलेल, आणि खाली चार माणसं झोपलेली असतील.

त्यानं आकडी कापडाखाली सरकवली. नान मोडून सगळ्यांना दिली. "बिस्मिल्ला करा, जेवा," म्हणाला. मग आकडीसकट ते कापड गुंडाळून कमरेच्या रुमालात खोचलं, कुदळ उचलली आणि भर दुपारी परत भिंतीकडं चालू लागला.

पहिला घाव बसला तेव्हा लोकांना वाटलं उस्ताला ऊन लागलं.

"अहो, काय करता?" तोश्तेमिर घास हातात घेऊनच धावत आला. "वेड लागलं का?"

"ओली आहे."

"सकाळी स्वतः चढलात की! सात तास नाचलात तिच्यावर. आणि जेवायला बसेपर्यंत कोरडीच होती ना?" तोश्तेमिर थांबला. त्याचे डोळे बारीक झाले, आणि ते हळूहळू तंदूरकडं वळले. तिथं नोरखोल पाठमोरी उभी होती. "मध्ये कोण आलं होतं? कुणी घातलं हे तुमच्या कानात? माझ्या घरात कोण आहे मला शहाणपण शिकवणारं?"

एशबुरीला उत्तर येत होतं. आकडी त्याच्या कमरेला होती. ती काढून व्याह्याच्या नाकासमोर धरली असती तर चौदा माणसांसमोर तोश्तेमिरचं नाक कापलं गेलं असतं, आणि एशबुरीचा सगळा राग निवला असता. पण लग्नाला पाच आठवडे होते. पाच आठवडे नोरखोलला त्याच घरात, त्याच माणसांत काढायचे होते. सासऱ्याला सगळ्या गावासमोर खोटं पाडणारी सून म्हणून.

"कुणी नाही," तो म्हणाला. "कोण सांगणार मला? माझं मलाच दिसलं." मग त्याला ते पुरेसं वाटलं नाही. तो वळला आणि सगळ्यांकडं तोंड करून बोलला. "सकाळी मी खिळा मारला नाही. चूक माझी. व्याही म्हणाले ते बरोबर आहे. म्हातारा झालो. नजर गेली माझी."

तुतीखाली कुणी चावतसुद्धा नव्हतं. या माणसानं एका खिडकीपायी भावाशी अकरा वर्षं अबोला धरला होता.

मग त्यानं भिंत पाडली. तिसरा थर पाडला, दुसरा पाडला. पापुद्र्याच्या आतून ओली माती फसकन बाहेर येत होती, आणि ती सगळ्यांनी पाहिली. कुणी मदतीला उठलं नाही. हुर्रम उठायला गेला तर त्याला घेरी आली.

"दुसरा मेंढा मी कापणार नाही," तोश्तेमिर म्हणाला. "हशार झाला. लग्नाची तारीख हलणार नाही. तुमचं तुम्ही बघा. आणि हे मी बाजारात प्रत्येकाला सांगणार आहे, व्याही, प्रत्येकाला."

"सांगा," एशबुरी म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. ज्याची भिंत कधी पडली नाही तो एशबुरी, त्याची भिंत त्याच दिवशी पडली, जेवण संपायच्या आत. चहाच्या दुकानात लोक पुन्हा पुन्हा ती गोष्ट ऐकायचे. चाळीस वर्षांचा त्याच्या तोंडाचा हिशेब लोकांनी पाच आठवड्यांत चुकता केला. दोन माणसांनी त्याच्याकडून ठरलेली कामं काढून घेतली. तो बाजारात गेला की कुणीतरी मागून विचारायचं, "उस्ता, इथं भिंतीपाशी उभं राहिलं तर चालेल ना?" एशबुरीचा जबडा हलायचा. मग तो कांदे निवडायला लागायचा.

दोन खोल्यांची एक खोली झाली, कारण राबायला आता तिघंच होते. जावई मामाराइम बापापुढं कधी बोलला नव्हता, आताही बोलला नाही, पण रोज पहाटे मुकाट्यानं माती खणायला यायचा. नोरखोल सगळं घर उठायच्या आत चिखल तुडवून जायची, पाय पाटात धुऊन, आणि मग दिवसभर सासूच्या हाताखाली लग्नाची कामं करायची. त्यातच बिबीसोराची तंदूरची आकडी हरवली होती. "डोळे कुठं असतात तुझे? आकडी काय चालत गेली?" हे महिनाभर रोज चाललं. नोरखोल मान खाली घालून ऐकायची आणि नान काठीनं काढायची. तिच्या मनगटावर तंदूरचे तीन डाग पडले.

एशबुरी प्रत्येक थरात तीनदा नाही, दहादा खिळा मारायचा. चिल्ला संपला, पण ऊन आपला हेका सोडायला तयार नव्हतं. छपरावर मातीचा शेवटचा हात फिरवला तो लग्नाच्या आदल्या दिवशी.

लग्नाच्या दिवशी पाहुणे इतके लोटले की घरात बसायला जागा उरली नाही. तोश्तेमिर चार मोठे पाहुणे घेऊन पाटापलीकडं नव्या खोलीत आला. आत गारवा होता. एशबुरी तिथं आधीच भिंतीला टेकून बसला होता. तोश्तेमिरच्या अंगावर लग्नाचा मखमली झगा होता आणि तो घामानं निथळत होता. त्यानं झगा काढला, इकडंतिकडं पाहिलं. दाराजवळ भिंतीतून एका लोखंडी आकडीचं वाकडं टोक बाहेर आलं होतं. झगा त्यानं त्यावर अडकवला, टोक ओढून पाहिलं, पक्कं होतं.

"बसा," तो पाहुण्यांना म्हणाला. "हे आमचे व्याही. उस्ता एशबुरी. यांच्या भिंतीची गोष्ट ऐकलीत का? ऐकलीच पाहिजे. लोकांच्या भिंती भूकंपानं पडतात, यांची भुकेनं पडली. जेवायला वाढलं आणि..."

पाहुणे हसायला लागले. दारातून डोकावणाऱ्या हुर्रमनं डोळे मिटून घेतले, आता मारामारी होणार म्हणून.

"पडली खरी," एशबुरी म्हणाला. "चहा घ्या."

नोरखोल किटली घेऊन आली. हे तिचं घर होतं, तिचं दार होतं, आणि पहिला चहा तिनं ओतायचा होता. आधी तिनं बापापुढं प्याला ठेवला, तळाशी दोन घोट चहा. मग पाहुण्यांचे चार प्याले, तसेच, दोन दोन घोट. शेवटी सासऱ्याचा प्याला घेतला. ती मान खाली घालून, सावकाश ओतत राहिली. चहा काठाला आला, काठाच्या वर फुगला, तेव्हा तिनं किटली उचलली आणि दोन्ही हातांनी तो प्याला अदबीनं त्याच्यापुढं ठेवला.

तोश्तेमिरची गोष्ट अर्ध्यावर राहिली. पाहुण्यांनी त्या प्याल्याकडं पाहिलं आणि मग आपापल्या प्याल्यात बघू लागले. थोड्या वेळानं तोश्तेमिर उठला, "मांडवात बघून येतो," असं काहीतरी म्हणाला आणि भिंतीतल्या आकडीवरचा झगा काढून घेऊन बाहेर उन्हात गेला.

एशबुरीनं आपला रिकामा प्याला लेकीपुढं धरला. तिनं त्यात पुन्हा दोन घोट ओतले.